डाव्या सीटचं नाव

१

कळसच्या अनिता गावडेची गाडी डाळजजवळ महामार्गावर उलटली, तेव्हा गाडीत ती एकटी होती. फेब्रुवारीतली सकाळ, दहाचा सुमार, लख्ख ऊन. भिगवणच्या एका गिऱ्हाइकाला मिरचीची रोपं पोचवायला ती निघाली होती. पुढचं टायर फुटलं, गाडी दुभाजकावर चढली आणि एक कोलांटी खाऊन पुन्हा चाकांवर उभी राहिली. पेरू विकणाऱ्या बायाबापड्यांनी उजवं दार उचकटून तिला बाहेर ओढलं. मनगट मुरगळलं, कपाळाला दोन टाके पडले, एवढ्यावर निभावलं. घरी आल्यावर सासूनं, प्रयागबाईंनी, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिसऱ्या दिवशी अनिता पुन्हा रोपवाटिकेत उभी होती.

रोपवाटिका नवराबायकोची, पण व्यवहार सगळा तिच्या हातात. कुंडलिक माणूस मऊ. रोपांशी बोलेल, गिऱ्हाइकाशी बोलायला लाजेल. गाडी आणि तिचा विमा त्याच्या नावावर होता, चालवायची मात्र अनिता. त्यामुळं गाडी दुरुस्तीच्या पलीकडं गेली, 'टोटल लॉस' झाली असं कंपनीनं कळवलं, तेव्हा पॉलिसीचे कागद तीच घेऊन बसली. ओळीखाली पट्टी धरून तिनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले.

कंपनीचा सर्व्हेअर इंद्रजित बारामतीत बसायचा. त्यानं आधी बाजारभावाची भाषा केली. अनितानं फोनवर शांतपणे सांगितलं, की पॉलिसीवर जो आकडा छापलाय तोच धरायचा, नियमानं जाते तेवढी वजावट सोडून एक रुपया कमी चालणार नाही. तीन दिवस हो-नाही करून तो कबूल झाला.

खरं तर प्रकरण तिथंच मिटायचं. पण अहवालाची प्रत मोबाइलवर आली आणि सवयीनं तिनं प्रत्येक रकाना वाचला. चौथ्या रकान्यात लिहिलं होतं : अपघाताच्या वेळी गाडीतील व्यक्ती – दोन.

२

टायपिंगची चूक असेल, असं समजून तिनं फोन लावला.

इंद्रजित म्हणाला, चूक नाही. पुढच्या डाव्या सीटचा पट्टा लावलेला आहे आणि त्यावर ताण आल्याच्या खुणा आहेत. तिथं माणूस होतं. घरचं असतं तर तुम्ही नाव सांगितलं असतं. नाव लपवताय म्हणजे भाड्यानं नेलेलं माणूस असणार, आणि खासगी गाडीत भाडं घेतलं की रकमेतला चौथा हिस्सा कापला जातो.

अनिताला मनातून हसू आलं. भावात हरला, म्हणून दुसऱ्या वाटेनं आला. गिऱ्हाइकं अशीच करतात. दर मान्य केला की रोपांत खोट काढतात. तिनं त्याला सांगितलं, पट्टा मी स्वतः बघते आणि मग बोलते.

उलटलेली गाडी बारामतीच्या रस्त्यालगत गेणू मिस्त्रीच्या गॅरेजमागं ठेवली होती. भर दुपारी ती तिथं पोचली. गेणू जुना माणूस. आजवर गाडीची सगळी कामं त्यानंच केलेली. एरवी तो तिला बघून चहा मागवायचा. आज त्यानं नुसतं बोट करून गाडी दाखवली आणि स्वतः चार पावलं मागंच थांबला.

डाव्या खिडकीची काच गेली होती. अनितानं आत वाकून पाहिलं. पट्टा खरंच लावलेला होता. सीटवर कुणी नव्हतं, तरी तो सैल पडलेला नव्हता. खांद्यापासून कमरेपर्यंत पुढं फुगून, ताणून उभा होता. त्याच्यामागं वीतभर मोकळी हवा.

"जाम झालाय," गेणू मागून म्हणाला. "धडक बसली की पट्टा हाय तिथंच धरून ठेवतो."

"मग काढायचा की."

"निघंना. पोराला कापाय सांगितला तर त्यानं हात लावला आन् गेला उठून. परत आलाच न्हाय कामाला."

गाडी लिंबाच्या सावलीत होती. पत्रा गार होता. अनितानं हात घालून पट्ट्याला बोटं लावली. तो ऊबदार होता. उन्हानं तापतं तसा नव्हे. अंगातून नुकत्या काढलेल्या कपड्यासारखा.

तिनं हात मागं घेतला आणि रुमालाला पुसला. मग मोबाइल काढून सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कारण पुरावा तो पुरावा.

३

ती घाबरली नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. नायलॉनचा पट्टा, ऊब धरत असेल. धडकेत झटक्यानं बाहेर आला असेल, उलटताना खटक्यात जाऊन बसला असेल. असं होत नाही, हे तिला कळत होतं. तरी असेल, असं ती म्हणत राहिली.

दोन दिवसांनी शेडमध्ये फवाऱ्याचा टायमर वाजला. टिंग, टिंग, टिंग. रोजचाच आवाज. पण तिच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

त्या सकाळी गाडीही अशीच वाजत होती.

पुढच्या सीटवर वजन असलं आणि पट्टा लावलेला नसला की तिची गाडी वाजायची. रोपांचा ट्रे पुढं ठेवला तरी वाजायची. म्हणूनच ती सगळे ट्रे मागं ठेवायला लागली होती. त्या दिवशीही पुढची सीट रिकामी होती. तरी कळस सोडल्यापासून गाडी टिंग टिंग करत होती. वायरिंग गेलं असेल, गेणूला दाखवू, असं म्हणून तिनं तिकडं दुर्लक्ष केलं होतं.

आणि डाळजच्या अलीकडं तो आवाज थांबला होता. आपोआप.

आवाज थांबायला काय करावं लागतं, ते अनिताला ठाऊक होतं. तिनं ट्रे खाली ठेवला.  मग तिला राग आला. भीतीपेक्षा रागच जास्त. गाडी तिची, रस्ता तिचा, पेट्रोल तिचं. न विचारता बसायला कुणी सांगितलं होतं?

ही गोष्ट तिनं घरात कुणालाच सांगितली नाही.

४

पुढच्या आठवड्यात नवराबायको दोघं बारामतीला इंद्रजितच्या ऑफिसात गेले. अनितानं पोलिसांचा पंचनामा नेला होता, दवाखान्याचा कागद नेला होता. दोन्हीवर एकच नाव होतं. इंद्रजितनं ते नीट वाचले आणि बाजूला ठेवले.

माणूस वाईट नव्हता. पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं आलेलं, झोप न मिळालेल्यासारखा. त्यानं टेबलावरचं पेन सरळ केलं आणि आवाज खाली आणून मार्ग सुचवला. घरातलं कुणाचंही नाव टाका. सासूबाईंचं टाका, पुण्याला शिकणाऱ्या मुलीचं टाका. घरचं माणूस सोबत होतं असं लिहून दिलं की भाड्याचा प्रश्नच मिटतो. पूर्ण रक्कम मिळेल.

"पण कुणी नव्हतं," अनिता म्हणाली.

"मॅडम, नुसतं नाव तर हवंय. ती जागा रिकामी सोडता येत नाही."

"साहेब, गाडीत मी एकटी व्हते. तुमी 'एक' लिवा."

"ते मला लिहिता येणार नाही."

"का येणार न्हाय?"

इंद्रजितनं पेन पुन्हा सरळ केलं. कुंडलिक मध्ये पडला, म्हणाला, एवढं काय त्यात, माझं नाव घाला. अनितानं त्याच्या हातावर हात ठेवून त्याला थांबवलं. एवढं काय त्यात, हे तिलाही सांगता आलं नसतं. खोटं लिहून देणं तिला आवडत नव्हतं हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. त्या फुगलेल्या पट्ट्याच्या आत घरातलं कुणाचं नाव ठेवायचं म्हटलं की ती ऊब तिच्या बोटांना पुन्हा लागत होती.

"चौथा हिस्सा कापायचा तर कापा," ती उठत म्हणाली. "मी विमा लोकपालाकडं जाईन. पण नाव मिळणार न्हाय."

५

कुंडलिकनं तिच्या माघारी जाऊन आपलं नाव दिलं.

मंगळवारी औषधं आणायला म्हणून तो बारामतीला गेला आणि लिहून देऊन आला, की अपघाताच्या वेळी मी पत्नीसोबत गाडीत होतो. गाडी त्याच्याच नावावर, त्यामुळं सहीला अडचण नव्हती. बायकोची वणवण थांबावी, एवढाच त्याचा हेतू.

गुरुवारी सकाळी तो बनियन बदलत असताना अनिताला ती खूण दिसली. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत, चार बोटं रुंद, जांभळाकाळा पट्टा.

फवारणीच्या पंपाचा वळ असेल, असं तो म्हणाला. पंपाला दोन पट्टे असतात आणि दोन्ही खांद्यांवर येतात, हे दोघांनाही माहीत होतं. ती हळद लावायला बसली. तो भिंतीकडं बघत होता.

"टायर फुटलं तवा तू 'थांब' म्हणलीस," तो म्हणाला. "कुणाला म्हणलीस गं?"

अनिताचा हात तिथंच थांबला. ती खरंच तसं ओरडली होती. गाडीला म्हणाली की आणखी कुणाला, तिचं तिलाही कळलं नव्हतं. आणि हे तिनं पोलिसांना, डॉक्टरला, कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"तुमी तितं नव्हता," ती म्हणाली.

"होतो की."

त्यानं तेव्हा नावाचं सगळं कबूल केलं. पण बोलता बोलता त्याची गल्लत व्हायला लागली. कागदावर लिहिलं म्हणून होतो, असं तो आधी म्हणाला. मग म्हणाला, पेरूवाल्या बायका उजव्या दारानं तुला ओढत होत्या, मी हाका मारत होतो, माझ्याकडं कुणी बघितलंच नाही.

ती पाणी आणायला बाहेर आली. ओसरीत प्रयागबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना मोतीबिंदूमुळं अंधुक दिसायचं, पण माणूस चालीवरून ओळखू यायचं.

"अनिता, कुंडलिकला काय झालंय गं?" त्यांनी विचारलं. "दोन दिवस झालं, दारात येऊन उभा ऱ्हातोय. आत ये म्हणलं तरी येईना. आत्ता बी व्हता."

"ते आत हायती, आत्या. सकाळपासनं भाईर पडलंच न्हायती."

प्रयागबाईंचा हात लसणावर थांबला. दोघी दाराकडं बघत राहिल्या. अंगणात ऊन होतं, कोंबड्या होत्या, दुसरं काही नव्हतं. उंबऱ्याजवळ कोंबडी मात्र एकही नव्हती.

अनितानं गेणूला फोन लावला आणि पट्ट्याचं विचारलं. तो म्हणाला, बरं झालं वहिनी, तो सुटला एकदाचा. मंगळवारी दुपारी. कुणी हात लावला नव्हता.

६

शुक्रवारी दहा वाजता ती कुंडलिकला घेऊन पुन्हा इंद्रजितच्या टेबलासमोर बसली. भाड्याच्या जीपमध्ये बसताना कुंडलिक पुढच्या सीटकडं गेला होता. तिनं त्याला दंडाला धरून मागं बसवला होता.

तिनं नवऱ्याचा जबाब परत मागितला. इंद्रजित म्हणाला, ज्यानं लिहून दिलंय त्यानंच मागं घेतला पाहिजे, स्वतःच्या हातानं लिहून. त्यानं कोरा कागद सरकवला. कुंडलिकनं पेन उचललं आणि तसंच धरून बसला.

"लिवा," अनिता म्हणाली. "मी गाडीत नव्हतो."

"पण होतो की गं मी."

"त्या दिशी दहा वाजता तुमी कुठं व्हता?"

त्यानं खूप आठवायचा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. "पट्टा लय आवळत व्हता," एवढंच तो म्हणाला, आणि त्याचा हात आपोआप छातीवर गेला.

अनितानं मोबाइल काढला. त्या सकाळचे निरोप तिनं वर सरकवत शोधले. दहा वाजून चार मिनिटांनी आलेला एक आवाजी निरोप होता, जो अपघाताच्या गडबडीत तिनं कधी ऐकलाच नव्हता. तिनं तो लावला आणि फोन त्याच्या कानापाशी धरला.

कुंडलिकचाच आवाज. मागं शेडच्या जाळीची फडफड, फवाऱ्याची सरसर. "अगं, वरकुट्याचं गिऱ्हाईक आलंय. टोमॅटोचे वीस ट्रे मागतंय. तुझं ठरल्यालं हाय का त्येंच्याशी? मी हितंच उभा हाय, सांग लवकर."

तिनं तो पुन्हा लावला. आणि पुन्हा. चौथ्या वेळी कुंडलिकच्या ओठांनी त्या शब्दांबरोबर हालचाल केली. मी हितंच उभा हाय.

"वीस ट्रे," तो म्हणाला. "म्हातारं व्हतं. पिवळा फेटा." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानं लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं. अनितानं तारीख घातली, आधीच्या जबाबावर त्याच्याकडून आडवी रेघ मारून घेतली आणि दोन्ही कागद इंद्रजितपुढं ठेवले.

"आता दोनाचं एक करा. पंचनामा एक म्हणतोय, डॉक्टर एक म्हणतोय, मी एक म्हणते. तुमच्या एकट्याच्या कागदावर दोन हायती. लोकपालाकडं गेले की तुमालाच इचारतील, दुसरं कोण. काय सांगाल?"

 इंद्रजितनं उठून दार लावलेलं आहे याची खात्री केली.

"मॅडम, मी पट्ट्यावरून नव्हतं लिहिलं," तो म्हणाला. "पट्टा मी नंतर पाहिला. गाडीचे फोटो काढताना डाव्या सीटवर जे दिसलं, ते तुमच्यात मोजून लिहिलं होतं." त्यानं फोनकडं हात नेला आणि मागं घेतला. "त्या सीटचा फोटो मी ठेवला नाही. तेव्हापासून रोज वाटतं, माझंच नाव टाकावं आणि मोकळं व्हावं."

"टाकू नका," अनिता म्हणाली. "तुमाला बी घर हाय ना?"

त्यानं मान हलवली. मग रकान्यातला आकडा बदलला, सही केली, शिक्का मारला. 

तिची अजून एक मागणी होती. मोडकी गाडी कंपनीनं लिलावात काढायची नाही. ती आमच्याकडं राहील, भंगाराची जी काय किंमत होईल ती आमच्या रकमेतून वळती करा. इंद्रजितनं तिला समजावलं, की यात तुमचा तोटा आहे. तिला ते माहीत होतं. पण ती सीट उद्या कुणाच्या तरी गाडीत बसवली जाईल, त्यात कुणाची तरी लेक बसेल, हे तिला चालणार नव्हतं.

७

पैसे अठरा दिवसांनी खात्यात आले, ठरल्याप्रमाणे. तोवर कुंडलिकच्या छातीवरचा वळ आधी हिरवा, मग पिवळा होऊन गेला होता. दारात उभं राहणाऱ्याबद्दल प्रयागबाई पुन्हा काही बोलल्या नाहीत. गाडीचा नोंदणी नंबर रद्द करून घेतल्यावर एप्रिलातल्या एका दुपारी अनिता टेंपो घेऊन गेणूच्या गॅरेजवर गेली. गाडी तिच्यासमोर कापायची, असं तिनं त्याला कळवलं होतं.

गेणूची माणसं तयार नव्हती. गॅसकटर त्यानं स्वतः घेतला, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला. आधी बॉनेट गेलं, मग छत, मग मागचा भाग. तुकडे टेंपोत पडत गेले. शेवटी डाव्या बाजूचा खांब, त्याला अडकलेली सीट आणि तो पट्टा एवढंच उभं राहिलं. पट्टा पुन्हा खटक्यात बसला होता. ताणलेला, फुगलेला.

गेणू खांबाच्या मागं गेला आणि त्यानं ज्योत पेटवली. अनिता समोर, दहा हातांवर उभी होती.

ज्योतीचा निळापांढरा उजेड खांबाच्या मागून पुढं आला. सीटच्या कडा उजळल्या, पट्टा उजळला. मधला भाग मात्र उजळला नाही. तिथं उजेड अडत होता. खांदे होते तिथं अडत होता, मान होती तिथं अडत होता, आणि मानेच्या वर जे होतं ते तिच्याकडं वळलेलं होतं. तोंड दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की नीट ऐकू यावं म्हणून माणूस जसं पुढं झुकतं तसं ते पट्टा देईल तितकं पुढं झुकलं.

त्याला नाव हवं होतं. कुणीही काही न विचारता अनिताच्या जिभेवर नाव आलं. निकिता. तिच्या लेकीचं. ते दातांपर्यंत आलं, ओठ उघडायला लागले. तिनं खालचा ओठ दातांखाली इतका दाबला की रक्ताची चव आली.

ते वाट बघत होतं. उजेडात, भर दुपारी, बाजूला गाड्यांची वर्दळ चालू असताना.

"न्हाय," ती त्याला म्हणाली. "माझ्याकडनं न्हाय."

गेणूनं ज्योत जरा मागं घेतली. "वहिनी, काय म्हणालात? बंद करू का?"

"पट्टा काप," अनिता म्हणाली.

त्यानं ज्योत पट्ट्याला लावली. आलेला वास नायलॉनचा नव्हता. गेणूनं मान फिरवली, पण हात हलू दिला नाही. अनितानं ओढणी नाकाला लावली आणि शेवटचा तुकडा टेंपोत पडेपर्यंत त्या जागेवरची नजर काढली नाही.